पान चारची बातमी

माझ्या बातम्यांमध्ये जेवढी माणसं 'प्रामुख्याने उपस्थित होती', तेवढी खरोखर त्या कार्यक्रमांना आली असती, तर आमच्या बोरी अरब गावात मांडवाला कापड पुरलं नसतं. एकतीस वर्षं मी एका जिल्हा दैनिकाचा इथला वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे पत्रकार नव्हे बरं का. पत्रकार यवतमाळला पंख्याखाली बसतो. वार्ताहर सकाळी पेपर वाटतो, दुपारी बातमी लिहितो आणि मधल्या वेळात वावरात जाऊन तुरीवरची अळी पाहून येतो. लोक मला 'पेपरवाले भाऊ' म्हणायचे, अजून म्हणतात.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामातली एक गोष्ट माहीत नसते, ती आधीच सांगून टाकतो. त्या काळी बातम्या पाकिटात घालून चार वाजताच्या यवतमाळ गाडीच्या कंडक्टरकडे द्याव्या लागत. स्टँडवर हपिसातला माणूस येऊन पाकीट घेऊन जायचा. गाडी चुकली की बातमी एक दिवस मागे पडायची, आणि मग आयोजक घरी येऊन अंगणात उभं राहून भांडायचे. आता कार्यक्रम तर सारे संध्याकाळी सहाचे, पाहुणे उगवणार साडेसातला. मग काय करता? निमंत्रण पत्रिका समोर ठेवायची आणि 'राहतील' तिथं 'होते' लिहायचं. कार्यक्रम व्हायच्या दोन तास आधी माझी बातमी एसटीत बसून निघालेली असायची. सगळेच असं करायचे. याला कोणी खोटं म्हणत नव्हतं, 'पत्रिकेवरून लिहिणं' म्हणायचे.

कधी कधी अंगाशी यायचं. एक गुरुजी आजारपणाची रजा टाकून सासुरवाडीला गेले होते. कबड्डीच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत त्यांचं नाव होतं, म्हणून मी त्यांना उपस्थित केलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी पेपर दाखवून विचारलं, "काय हो, ताप कबड्डीच्या मैदानावर उतरला का?" गुरुजी माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. मी मात्र ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगायचो. माझ्या एका बातमीनं माणूस कसा दुखावतो, ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

काम सोडल्यावर रिकामा वेळ खायला उठला. तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात नेटवरच्या ज्ञानकोशात मराठीत कसं लिहायचं याचं शिबिर झालं. तिथं सगळी विशीतली पोरं, आणि मी एकटा टोपीवाला. हा ज्ञानकोश कोणीही लिहू शकतं, पण एक अट असते. जे लिहाल त्याला संदर्भ द्या. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, त्याला तिथं किंमत नाही. कुठंतरी छापून आलेलं पाहिजे, आणि छापणारा भरवशाचा पाहिजे. भरवशाचा म्हणजे कोण, असं मी विचारलं. शिकवणारी पोरगी म्हणाली, "उदाहरणार्थ, वर्तमानपत्र." मला ठसका लागला.

तरी मला ते काम आवडलं. मी गावांची पानं लिहिली, बाभुळगावच्या बाजाराचं लिहिलं, एका धरणाची चुकलेली नदी दुरुस्त केली. घरी बायको म्हणायची, "जन्मभर लोकायचं छापलं, आता फुकटात छापून राह्यले." मी म्हणायचो, आता निदान तपासून लिहितो आहे.

अशात एके दुपारी ललिता आली. ललिता पलीकडच्या बंजारा तांड्यावरची, अंगणवाडी सेविका. तिची आई शांताबाई आमच्या भागातल्या आश्रमशाळेत बावीस वर्षं स्वयंपाकीण होती. सगळी पोरं तिला 'याडी' म्हणायची. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. पोरांचं ऐकून मास्तर म्हणू लागले, मग आम्हीही. आता ती पंचाहत्तरीच्या पुढं आहे.

"काका, तुमी नेटवर लिहिता ना?" ललितानं बसल्या बसल्या विचारलं. "मंग किसन्याच्या पानावर माह्या आईचं नाव काहून नाही?"

किसन्या कोण ते सांगायला हवं. तो आज फार मोठा रॅपर आहे. त्याचं स्टेजवरचं नाव इथं देत नाही. ते दिलं की हा लेख त्याच्या नावावर वाचला जाईल, आणि हा लेख त्याचा नाही. तुमच्या घरच्या पोरांना विचारा, ती सांगतील. आमच्यासाठी तो त्याच आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला किसन्या. पुढं त्याचे आईबाप कामाला पुण्याकडं गेले ते परत आले नाहीत.

"आई सांगायची," ललिता म्हणाली, "का तो पहिल्यांदा गायला त माह्या परातीवर गायला. तांड्यावर साऱ्यायले सांगायची, मोठ्या कौतुकानं. आता माह्या पोरानं फोनवर पाह्यलं. त्यात लिहून आहे का त्याले आप्पासाहेबानं पुढं आणलं. पोरगा म्हणे, आजी, तू खोटं सांगून राह्यली, फोन थोडी खोटं सांगन? बाकीचे पोट्टेही हासले. तवापासून बाप्पा, आई त्याचं नावच नाही काढत. त्याचं गाणं लागलं का उठून आत जाते."

मी फोन उघडला. पान होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: शाळेच्या स्नेहसंमेलनात आप्पासाहेबांनी स्वतः त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देऊन त्याला प्रथम व्यासपीठ मिळवून दिले, त्याच्या कलेला खरी ओळख त्यांच्यामुळेच मिळाली. आप्पासाहेब म्हणजे आमच्याकडचे तेव्हाचे एक पुढारी. खरं नाव वेगळं होतं, माणूस आता हयात नाही. वाक्यापुढं संदर्भाचा आकडा. आकड्यावर बोट ठेवलं. खाली माझ्या पेपरचं नाव आलं, तारीख आली, पान चार, आणि शेवटी 'आमच्या वार्ताहराकडून'.

तो वार्ताहर मी.

ती बातमी लिहिली ती दुपार मला एकदम आठवली. हेडमास्तरांनी दुपारी पत्रिका दिली होती आणि म्हणाले होते, "किसन नावाचा पोरगा आहे, स्वतः गाणं रचतो. आप्पासाहेब स्वतः माइक देणार आहेत त्याला, तेवढं लिहा." मी लिहिलं. वर 'खरी ओळख' माझ्या पदरची. दोन ओळी कमी पडत होत्या. चारची गाडी गेली. मग संध्याकाळी मी कार्यक्रमालाही गेलो, कारण जेवण होतं. आप्पासाहेब आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी फोन करून बातमी दुरुस्त करू शकलो असतो. नाही केली. आमच्यात कोणी करत नसे.

ललिताला मी त्या वेळी नुसतं "पाहतो" म्हणालो. ती गेल्यावर चहा तसाच राहिला. मला लाज वाटली, खरंच सांगतो. एका म्हातारीकडं आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मी दोन ओळी भरण्यासाठी दुसऱ्याला देऊन टाकली होती.

ज्ञानकोशात प्रत्येक पानामागं एक चर्चापान असतं. तिथं मी लिहिलं: ही बातमी खोटी आहे, ती लिहिणारा मीच आहे, वाक्य काढून टाकावं. त्या पानाची राखण करणारी एक संपादक होती. खरं नाव माहीत नाही, 'निंबोळी' या नावानं लिहायची. फार कडक. तासाभरात उत्तर आलं: "आपणच ते वार्ताहर आहात, याला संदर्भ?"

आता बोला! पान चारवर माझं नाव नव्हतं. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. पेपरचं ओळखपत्र उंदरांनी खाल्लं तेव्हा मी फेकून दिलं होतं. मी चिडून लिहिलं, मी बोरी अरबात राहतो, कोणालाही विचारा. निंबोळीनं लिहिलं: "समजा आपण तेच. आपण म्हणता की तेव्हा आपण खोटं लिहिलं. मग आजचं आपलं लिहिणं खरं कशावरून धरायचं?"

दोन दिवस मी फोनला हात लावला नाही. बायकोनं विचारलं, "कोन काय बोललं तुमाले?" मी म्हटलं, "खरं बोललं." बाई बरोबर होती हो. नियम म्हणजे नियम. रोज कोणी ना कोणी येऊन 'मीच तो' म्हणणारच, आणि मोठ्या माणसाच्या पानाला हजार हात लागतात. त्याच पानावर एकानं किसन्याचं लग्न लावलं होतं, एकानं त्याला थेट मारून टाकलं होतं. निंबोळीनं ते सगळं एकटीनं उपसून काढलं होतं. मी एकतीस वर्षांत जे केलं नाही ते ती बिनपगारी करत होती.

खुद्द किसन्याला विचारावं म्हणून त्याच्या वेबसाइटच्या पत्त्यावर तीनदा लिहिलं. उत्तर आलं एकदाच, त्यात पुढच्या कार्यक्रमाची तिकिटं कुठं मिळतील ते होतं.

मग मी यवतमाळला गेलो. पेपरच्या हपिसात जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. नव्या संपादकानं आदरानं खुर्ची दिली आणि म्हणाला, "भाऊ, वीस वर्षांनी शुद्धिपत्र छापू का आता? लोक काय म्हणतील!" पण गठ्ठा काढू दिला. धूळ खात, शिंकत पान चार काढलं. माझी बातमी होती. सहज म्हणून पान उलटलं, तर पान तीनवर पांढरकवड्याची बातमी: त्याच संध्याकाळी तिथं एका सभागृहाचं उद्घाटन, हस्ते कोण, तर आप्पासाहेब. त्यांचं भाषणही छापलं होतं, चांगलं वीतभर.

मी दोन्ही पानांचे फोटो काढून चर्चापानावर टाकले. एकच पेपर, एकच तारीख, एकच माणूस, आणि मध्ये शंभरेक किलोमीटर. निंबोळीचं उत्तर संध्याकाळी आलं. तिनं लिहिलं होतं, "दोन विश्वासार्ह संदर्भ परस्परविरोधी. वाक्य काढले." त्याच रात्री मी पांढरकवड्याच्या जुन्या वार्ताहर मित्राला फोन केला, सांगितलं, तुझ्या बातमीनं माझं काम झालं. तो हसून हसून लोळला. "अबे, मी पण पत्रिकेवरूनच लिवलं होतं! आप्पासाहेब त्या दिवशी कुठंच नव्हते. त्यायचं पोट बिघडलं होतं, घरीच होते."

ते मी चर्चापानावर लिहिलं नाही. हा माझा अजून एक गुन्हा समजा.

आप्पासाहेब पानावरून गेले, पण याडी काही तिथं आली नाही. तिच्यासाठी छापील काहीच नव्हतं. स्वयंपाकिणीचं नाव पत्रिकेत नसतं आणि पत्रिकेत नाही त्याचं बातमीत कुठून येणार. मी निंबोळीला तसं लिहिलं. या वेळी ती मऊ वाटली. म्हणाली, एखाद्या संपादित अंकात आपण आपल्या नावानं आठवण लिहिलीत, चूक कबूल करून, तर 'तत्कालीन वार्ताहराच्या आठवणीनुसार' असं म्हणून एक वाक्य घेता येईल. मात्र ते आपण स्वतः टाकायचं नाही, दुसरं कोणी टाकेल. आणि मग खाली लिहिलं होतं, "काका, सावकाश लिहा."

या अंकाच्या संपादकांनी मी मागताच जागा दिली, त्यांचे आभार. मी एका बैठकीत लिहून काढलं. सगळं मला लख्ख आठवत होतं. पटांगणात बेंच जोडून केलेलं स्टेज, पिवळा बल्ब. किसन्याचं गाणं वसतिगृहाच्या जेवणावर आहे हे ऐनवेळी कळल्यानं हेडमास्तर लालबुंद, पेटीवाल्या मास्तरांनी पेटी मिटलेली. दहा वर्षांचं पोरगं स्टेजवर एकटं, तोंडातून शब्द फुटेना, पोरं हसायला लागलेली. आणि मग याडी परात घेऊन स्टेजवर चढली, माइक उचलून त्याच्या हातात दिला, परातीवर ठेका धरला, आणि पोरगं सुरू झालं:

वरणात पाणी का पाण्यात वरण,
सांग याडी सांग, आज कोणाचं मरण?
तुरीचा एक दाणा पोहतो एकटा,
संगतीले नाही त्याच्या भाऊ धाकटा!

तिच्याच पातळ वरणाची टिंगल, आणि ठेका तिचाच. होळीला तांड्यावर गातात त्या लेंगी गाण्यांचा ठेका, पण दुप्पट वेगानं. माझ्या डोळ्यांपुढं उभं होतं सगळं. पाकीट टाकायला निघालो, आणि स्टँडवर जाऊन परत फिरलो. ज्याची बातमी त्याला छापण्याआधी दाखवायची नाही, असा आमच्यात दंडक. या खेपेला तो मोडावा वाटला.

तांड्यावर पोचलो तेव्हा याडी ओट्यावर बसून तूर निवडत होती. डोळे अधू झालेत, पण बोटांना खडा बरोबर सापडतो. ललिता अंगणवाडीतून आलेली. तिचा पोरगा दारात. मी आधी कबुली दिली. म्हटलं, "याडी, ती बातमी माझी होती. आप्पासाहेब आले नव्हते हे मला माहीत होतं. माझ्यामुळं तुम्हाला लोकांनी खोटं पाडलं. मला माफ करा."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमी लिवलतं होय ते? मी म्हणो, त्या फोनलेच माह्याशी काय वैर आहे."

"आता तो मजकूर काढला आहे," मी म्हटलं. "आणि हे नवं लिहिलंय, तुमचं नाव घालून. ऐका."

मी वाचायला लागलो. ललिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पोरगा जवळ सरकून बसला. याडी मान खाली घालून ऐकत होती. परात घेऊन स्टेजवर चढली, माइक उचलून हातात दिला, इथपर्यंत आलो, आणि तिनं हात वर केला.

"थांबा भाऊ. हे कोन सांगतलं तुमाले?"

"सांगितलं कोण? मी पाहिलंय. मी होतो ना तिथं."

"मी टेजवर गेलतीच नाही."

"अहो याडी, माझ्या डोळ्यांनी..."

"माह्या पायानं मी गेली नाही, तुमच्या डोयानं कशी गेली?" ती म्हणाली. "मी चुलीपाशी होते. शंभर पोरायचा भात होता चुलीवर, टाकून कुठं जाऊ? माइक त्याच्या म्होरं होताच, काठीले बांधून. मी नाही दिला."

ललिता म्हणाली, "आई, राहू दे ना. चांगलं त लिवलं आहे."

"चांगलं लिवलं, पन झालं नाही तसं," याडी म्हणाली.

मी वाचणं थांबवलं. खरंच, वीस वर्षं चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगता सांगता मीच तिला एक एक पायरी वर चढवत स्टेजवर नेलं होतं. या वेळी तर पत्रिकाही समोर नव्हती. मी कागद मांडीवर ठेवला, पेन काढलं आणि इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "मग काय झालं होतं, याडी?"

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जेवाची येळ झालती. मी रोज परात वाजवो ना, पोरायले जेवाले बोलवाले? तशीच वाजवली. त्याच्यासाठी नाही वाजवली. मले त माहीतच नव्हतं तो उभा आहे म्हणून. झाऱ्यानं वाजवून राह्यली, अन् एकही पोट्टं उठेना. मी म्हणो, काय झालं याह्यले, आज भूक मेली का? मान वर करून पाहते, त किसन्या गाऊन राह्यला. माह्या परातीवर. अन् माह्याच वरणाले नावं ठेवून राह्यला, मेला!"

ती हसली. दात राहिले नाहीत, पण तोंडभर हसली. पोरगाही हसला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? मी थांबली असती त तोही थांबला असता. त्याच्या तोंडाकडं पाहून समजे. म्हणून नाही थांबली. हात भरून आला, तरी वाजवतच राह्यली. तिकडं भात करपला, वास आला मले. तरी नाही थांबली." मग म्हणाली, "साऱ्या पोरायनं त्या दिवशी करपका भात खाल्ला. हेडमास्तरनं मले भल्लं बोललं. तेही लिवा. मी त्याले शिकवलं नाही, माइक दिला नाही. मी फकस्त थांबली नाही."

मी पूर्वीच्या दोन परिच्छेदांवर रेघ मारली आणि ती बोलली तसं लिहून घेतलं. वरचं स्टेजचं वर्णन इथं तसंच ठेवलं आहे, माझी चूक दिसावी म्हणून. ते कोणी संदर्भाला घेऊ नये. घ्यायचं असेल तर हे घ्या: शांताबाई तेव्हा चुलीपाशी होत्या, पोरांना जेवायला बोलवण्यासाठी परात वाजवत होत्या, मुलगा त्या ठेक्यावर गाऊ लागला, आणि भात करपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

एवढं तिला वाचून दाखवलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू हलत होता. वाचून झालं तसं ती नातवाकडं वळली आणि म्हणाली, "आयकलं? असंच झालतं."